तिसरं दावं

मामा,

तुमचं तेरावं उरकून परवा नांदेडला आलो. शाळेत हजेरी घेतली, फळ्यावर कांद्याच्या मुळाचं चित्र काढलं, पोरांना उर्दूत समजावलं, ज्यांना कळलं नाही त्यांना मराठीत पुन्हा समजावलं. सगळं रीतसर झालं. फक्त चित्रातला एकेक दोरा काढताना खडू थांबत होता. मागच्या बाकावरच्या एकानं विचारलंही, सर, पुढचा दोरा कधी काढणार म्हणून.

चार वर्षांपूर्वी तुम्ही मला गोठ्यात एक प्रश्न विचारला होता. उत्तर तेव्हाच माझ्या जिभेवर होतं. मी ते गिळलं आणि भलतंच बोललो. तुम्हाला वाटलं, पोरगं शिकलं, शेफारलं, आता त्याला आपली लेक गोदा खेडवळ वाटून राहिली. तसंच समजून तुम्ही गेलात. तीन दिवसांच्या तापात माणूस जातं, आणि आपण समजतो की भांडण मिटवायला अजून पुष्कळ वर्षं आहेत.

तुमच्या चांगुलपणाबद्दल मी लिहिणार नाही. ते उदगीरच्या जनावरांच्या बाजारात कोणालाही विचारावं. मी ते राहिलेलं उत्तर लिहायला बसलोय. पण तुमचीच शिस्त आहे ना, की पाडी दाखवू नको, आधी तिची माय दाखव. म्हणून मुळापासून सांगतो.

मी सात वर्षांचा असताना माझे वडील गेले. आई, म्हणजे तुमची अक्का, मला घेऊन तुमच्या दारात आली. घरात सही करता येणारं माणूस नव्हतं. तुम्ही स्वतः अंगठा उठवायचात आणि वर म्हणायचात की माझा अंगठा कुणाला नक्कल करता येत न्हाई, तुमच्या सह्या कुणीबी करंल. तरीही मला शाळेत घातलंत. पावसाळ्यात ओढा चढला की खांद्यावर घेऊन पलीकडे सोडायचात आणि शाळा सुटेपर्यंत तिथंच एखाद्या झाडाखाली वाख वळत बसायचात. अंबाडीचा वाख, मांडीवर पीळ देत. माझी मॅट्रिक होईस्तोवर तुम्ही त्या झाडाखाली किती दावी वळली असतील, देव जाणे. गावातल्या निम्म्या जनावरांना माझ्या शिक्षणानं बांधलं होतं असं तुम्ही चेष्टेनं म्हणायचात.

माझ्या दोन्ही कुळांत पहिला पदवीधर मी. हे मी छाती काढून सांगतो. मला त्याची लाज नाही आणि खोटा विनयही नाही. पण सांगताना तुमची छाती आठवते, माझ्यापेक्षा चार बोटं जास्त फुगलेली. निकाल लागला त्या वर्षी माळेगावच्या जत्रेत तुम्ही वळू नेला होतात, आणि मलाही नेलंत. वळू बघायला जो येईल त्याला आधी वळूची वंशावळ सांगायची, मग माझ्याकडे हात करायचा. "आन हा भाचा. बीएस्सी. दोन्ही आमच्याच घरची पैदास." लोक वळूच्या तोंडात हात घालून दात बघायचे आणि मग माझ्याकडे जरा अदबीनं बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आज तो दिवस परत द्यायला कोणी तयार असेल तर मी वळूशेजारी दाव्याला बांधून घेईन.

त्याच्या आधी तुम्ही हैदराबादला आला होतात, ते आठवतं? धपाट्यांची चवड, शेंगदाण्याच्या चटणीचा गोळा, डोक्याला नवा पटका. मी कॉलेजात नक्की काय करतो ते तुम्हाला बघायचं होतं. आमचे प्रोफेसर शेरवानीतले, कमी बोलणारे. पण तुम्हाला बघून उठून उभे राहिले, "आइए पटेल साहब," म्हणाले, आणि सूक्ष्मदर्शक तुमच्यापुढे सरकवला. काचेवर कांद्याच्या मुळाचं टोक होतं, रंगात बुडवलेलं. तुम्ही एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिलात. मग मला म्हणालात, "चिखलात गांडुळं पडल्यागत दिसतंय." प्रोफेसरांनी विचारलं, काय म्हणतात? मी उर्दूत सांगितलं. ते एवढे हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. म्हणाले, पोरं परीक्षेत पानभर लिहितात, ते ह्यांनी एका वाक्यात सांगितलं.

मग बाहेर पायऱ्यांवर बसून मी तुम्हाला सगळं समजावलं. पुस्तकात त्यांना क्रोमोसोम म्हणतात. अलीकडे मराठीत गुणसूत्र असा शब्द वाचला. सूत्र म्हणजे दोराच. मी तेव्हा तुम्हाला दोरेच म्हणालो. कांदा असो, गाय असो, माणूस असो, अंग ज्या बारीक पेशींचं बनलंय त्या प्रत्येक पेशीत हे दोरे असतात. एकेकटे नसतात, जोडीनं असतात. जोडीतला एक आईकडून आलेला, एक बापाकडून. डोळ्यांचा रंग, केसांचा कुरळेपणा, अंगाची ठेवण, सगळ्याच्या खुणा ह्या दोऱ्यांवर ओळीनं बसलेल्या. आणि आपण पुढं लेकराला देताना जोडी देत नाही. प्रत्येक जोडीतला एकच दोरा देतो. कोणता, ते कोणी ठरवत नाही. तिकडून दुसरा एक येतो आणि पुन्हा जोडी पुरी होते.

तुम्ही विचारलंत, माणसात किती?

मी म्हणालो, पुस्तकात अठ्ठेचाळीस लिहिलंय, पण फार बारीक काम आहे, मोजणाऱ्यांतही वाद आहेत.

"त्यास्नी मोजायला येईना आन तू मला शिकवून राहिला व्हय." मग जरा थांबून, "गाईत?"

"साठ."

तुमचा चेहरा असा उजळला की पायऱ्यांवरून जाणारी पोरं वळून बघू लागली. माझ्या गाईत माणसापरीस जास्ती, असं तुम्ही परतीच्या गाडीत डब्यातल्या सगळ्यांना सांगितलंत. कोणीतरी म्हणालं, मग ती बोलत का नाही? तुम्ही म्हणालात, जास्ती हाय म्हणूनच गप हाय.

पण चेष्टा बाजूला ठेवली तर तुम्हाला माझ्या प्रोफेसरांइतकंच कळत होतं. काचेशिवाय कळत होतं. आपली देवणी गुरं. तोंडाच्या बाजूला काळं असलेला तो वानेरा, अंगभर काळे ठिपके असलेला तो शेवरा. वानेऱ्या गाईला वानेऱ्या वळूपासून एकदा शेवरी कालवड झाली, तेव्हा शेजाऱ्यांनी संशय घेतला की रानात दुसराच वळू लागला असेल. तुम्ही शांतपणे म्हणालात, हिची आजी शेवरी होती. गुण दबून बसला होता, आता वर आला. दबून बसलेला गुण! आमच्या पुस्तकात त्या एका गोष्टीवर अख्खं प्रकरण आहे, आणि तुम्ही ते शेण काढता काढता सांगून मोकळे झालात.

आणि तुमचा तो नियम. वळू तीन वर्षांच्या वर ठेवायचा नाही. चौथ्या वर्षी त्याच्याच लेकी माजावर येतात, आणि बाप लेकीवर सोडायचा नाही. निलंग्याकडच्या एका घराशी तुमची अदलाबदल ठरलेली होती. तुमचा वळू तिकडे, त्यांचा इकडे. कितीही देखणा असो, जत्रेत मान मिळवलेला असो, तीन वर्षं झाली की तुम्ही त्याच्या कपाळाला कुंकू लावून त्याला वेशीबाहेर काढायचात. परत येताना डोळे लाल असायचे. मी विचारलं तर म्हणायचात, धूळ लई होती.

आता माणिकबद्दल.

माणिक तुमचा थोरला. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलता येत नाही. तो झाला तेव्हा रीतीप्रमाणे मामीच्या बाजेशी थाळी वाजवली होती. मामी सांगायची, थाळी दाणदाण वाजली आणि पोरगं पापणीसुद्धा न लववता पडून राहिलं. सगळ्या बायका म्हणाल्या, केवढं शांत लेकरू आहे. वर्षभर तुम्ही सगळे त्याच्या शांतपणाचं कौतुक करत होतात. मग कळलं. तुम्ही त्याला कधी कमी लेखलं नाही. गुरांची सगळी विद्या त्याला हातानं शिकवली, आणि गाईच्या अंगाला कान लावून बसल्यागत तो तळवा लावून ओळखायचा की वासरू आडवं आहे की सरळ. गुरांचा सलोत्री डॉक्टर तालुक्याहून आला तरी आधी माणिककडे बघायचा.

मामी तुमच्या सख्ख्या मामाची मुलगी. त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नव्हतं. आपल्याकडे रीतच आहे. माणिकनंतर गोदा झाली. ती ऐकायलाही पक्की आणि बोलायला त्याहून पक्की. आणि गोदा मला द्यायची, हे ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं होतं. मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क. आईनं तर तिच्या पायातले वाळे स्वतः आणले होते.

मी हैदराबादला गेलो आणि हे दोरे बघून आलो. नसते बघितले तर आज गोदा ह्या घरात असती. आम्ही सुखानं राहिलो असतो की नाही, सांगता येत नाही.

चैत्र होता. तुम्ही गोठ्यात दावी वळत होतात. आई नि मामी आत होत्या. तुम्ही म्हणालात, आता मुहूर्त धरू. मी म्हणालो, मामा, मला बोलायचं आहे.

मी तुमच्यासमोर बसलो आणि मास्तरासारखं शिकवायला लागलो. वळलेली तीन दावी घेतली. म्हणालो, बघा, दावं दोन पदरांचं. एक पदर आईचा, एक बापाचा. एका पदरात खोट असली तरी दुसरा पदर निभावून नेतो, माणसाला जन्मभर पत्ता लागत नाही. दोन्ही पदर खोट असलेले आले तर मात्र ते उघडं पडतं. मग तुमचं म्हणून एक दावं ठेवलं आणि खुणेसाठी त्याला गाठ मारली. मामीचं म्हणून दुसरं ठेवलं, त्यालाही गाठ. म्हणालो, तुम्ही एकाच आज्याची नातवंडं, त्याचाच एक खोट असलेला दोरा दोघांत उतरला असणार. आणि बोट माणिककडे केलं. तो वैरण टाकत होता. ह्याच्या वाट्याला दोन्ही आले.

तुम्ही शांतपणे ऐकत होतात. तुमचं ऐकणं मला ठाऊक आहे, जनावर विकत घेताना ऐकायचात तसं.

"गोदीत?"

"तिच्यातही एक असू शकतो. दिसत नाही, पण असू शकतो."

मग तुम्ही तिसरं दावं उचललंत. "आन हे?"

"हे माझं."

तुम्ही ते बोटांतून सरकवलंत, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. "ह्याला तर गाठ न्हाई."

मी खाली पडलेला वाख गोळा करू लागलो.

"तूच म्हणलास, एकात खोट, एक साफ, तर लेकराला ऐकू येतं. मग भ्या कशाचं?"

हा तुमचा प्रश्न, मामा.

बीएस्सीच्या तोंडी परीक्षेत मला इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता. माझी सगळी मांडणी एका घावात खाली आली. माझं दावं साफ असेल तर गोदाला नाही म्हणायला कारणच उरत नाही. आणि कारण असेल तर माझं दावं साफ नाही. मी अक्काचा मुलगा. अक्का तुमची सख्खी बहीण. जो दोरा तुमच्या आईकडून तुमच्यात आला, तो अक्कातही आला असू शकतो, आणि अक्कातून माझ्यात. खात्री नाही, पण मला भीती होती ती त्याचीच. मी तुमच्या घरात खोट बघितली म्हणून पळत नव्हतो. मी तुमच्याच रक्ताचा आहे म्हणून घाबरलो होतो. एवढं एक वाक्य. तिसऱ्या दाव्याला गाठ मारायची आणि म्हणायचं, मामा, माझ्यातही आहे.

ते मला म्हणता आलं नाही. दोन कुळांतला पहिला पदवीधर. जत्रेत मिरवलेला. तुमच्या नि मामीच्या दाव्याला मी बिनधास्त गाठी मारल्या, माणिककडे बोट केलं, आणि स्वतःचं दावं तेवढं साफ ठेवलं. आणि खरं सांगायचं तर, नांदेडला नोकरी, वाचता येणारी बायको, असं काहीबाही मनात होतंच. त्याचा वाटा त्या नकारात किती होता, हे मी अजून स्वतःला विचारून राहिलोय.

उत्तर देता येत नाही तेव्हा माणूस टोचतो. मी म्हणालो, वळू तीन वर्षांनी बदलता ना तुम्ही? मग माणसांनीच त्याच गोठ्यात का राहायचं?

तुम्ही दावं खाली ठेवलंत. "ती गाय न्हाई, बाबा. लेक हाय माझी."

आवाज चढवला नाहीत. मी मान वर केली तर उंबऱ्यात गोदा होती, हातात ताकाचा तांब्या. किती ऐकलं होतं तिनं, कोण जाणे. तांब्या उंबऱ्यावर ठेवून ती आत गेली. आणि माणिक वैरण टाकायचा थांबून त्या दोन गाठींकडे बघत होता, मग माझ्या बोटाकडे. त्याला ऐकू येत नाही म्हणून मी त्याच्यासमोर बोललो होतो. माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसानंच करावी अशी चूक. त्याला सगळ्यांत आधी कळलं.

त्यानंतर आपण बोललो नाही असं नाही. पाऊसपाणी बोललो. आईची तब्येत बोललो. माझं लग्न परभणीकडच्या मुलीशी ठरलं, तेव्हा मला वाटलं तुम्ही येणार नाही. आलात. अंतरपाटाच्या वेळी नवरदेवाच्या मागं मामानं उभं राहायचं असतं. तुम्ही उभे राहिलात, माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून. मंगलाष्टकं संपेपर्यंत ते हात हलले नाहीत. ओढा ओलांडताना मला घट्ट धरायचात, तेच हात. मला मागं वळून बघायचं होतं, पण नवरदेवाला मागं बघता येत नाही. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, मी वळलो तोवर तुम्ही पंगतीच्या पाटांकडे निघून गेला होतात.

गोदाचं लग्न अहमदपूरकडे झालं. गेल्या वर्षी तिला मुलगा झाला. आईनं निरोप दिला, बारशाला चल म्हणून. मी शाळेचं निमित्त सांगितलं.

त्या वेळचं मामीनं मला आता, तुमच्या बाराव्याच्या दिवशी सांगितलं. लेकरू झाल्याचं कळल्यावर तुम्ही थाळी दुसऱ्या कोणाला वाजवू दिली नाही. स्वतः वाजवलीत. लेकरू दचकलं, रडलं. पुन्हा वाजवलीत. पुन्हा रडलं. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा गोदानंच थाळी ओढून घेतली, म्हणाली, बाबा, पुरे, भेदरलंय ते. मग तुम्ही बाहेर ओट्यावर बसलात, आतून रडण्याचा आवाज येत होता तो ऐकत. मामीला म्हणालात, भाच्याला कळवाया पायजे. आणि कळवलं नाहीत. तुम्हाला लिहिता येत नव्हतं, आणि दुसऱ्याच्या हातानं ती गोष्ट लिहून घेववली नसेल.

त्या लेकराला ऐकू येतं, ह्यानं माझं म्हणणं खरं ठरत नाही, मामा. माझ्याशी लग्न झालं असतं तरी कदाचित ऐकू आलंच असतं. दोघांतही खोट असली तरी चारात तिघांना ऐकू यायचा संभव असतो. हे शास्त्र तेवढंच सांगतं. कोणाच्या वाट्याला काय येईल ते सांगत नाही. तुमच्यासमोर मी ते फार ठासून सांगितलं.

आणि एक सांगतो, हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझी मुलगी आता आठ महिन्यांची आहे. तिची आई परक्या घराण्यातली, त्यामुळे आमच्या घरात ती भीती नसल्यातच जमा, हे मी वर्गात शिकवतो. तरी ती पाच दिवसांची असताना, बाजेजवळ कोणी नाही असं बघून, मी तिच्या डोक्यामागं टाळी वाजवली. ती दचकली. मी पुन्हा वाजवली. तुम्ही गोदाच्या लेकरापुढं थाळी वाजवली तशीच. तेव्हा कळलं की मी माझं दावं कधीच साफ समजलो नव्हतो.

तेराव्याला मांडव उतरल्यावर गोदानं तिचा मुलगा माझ्या मांडीवर आणून ठेवला. "घ्या, बीएस्सी, तुमच्या पुस्तकाला दाखवा." तिची जीभ तशीच आहे, तुम्हाला आवडली असती. मी लेकराला घेऊन बसलो. मग ती जरा हळू बोलली. म्हणाली, बाबा म्हणायचे, भाच्याकडं नाही म्हणायला काहीतरी कारण होतं, पण त्यानं सांगितलं ते कारण नव्हतं.

म्हणजे तुम्हाला संशय होता. तुम्ही माझा खोटेपणा ओळखला होता, फक्त त्याच्या आत काय आहे ते कळलं नव्हतं.

"काय होतं?" गोदानं विचारलं.

मी लेकरू तिच्याकडे दिलं आणि गोठ्यात गेलो. माणिक तिथंच होता. तुम्ही गेल्याच्या पाचव्या दिवशी वानेरी गाय व्याली, तिचं वासरू त्यानं मांडीशी धरलं होतं. वळूच्या खुंट्याला नवा वळू होता, निलंग्याचा. मामी म्हणाली, ताप भरायच्या आठवडाभर आधीच तुम्ही बदलून आणला होतात. तीन वर्षं बरोबर झाली होती.

आतल्या भिंतीला खुंटीवर ती तिन्ही दावी होती. धूळ बसलेली. त्या खुंटीला कोणाला हात लावू द्यायचे नाहीत, असं मामी मागून म्हणाली. दोन दाव्यांच्या गाठी तशाच होत्या. तिसरं साफ.

मी तिसरं काढलं. माणिकला दिसेल असं धरलं. आधी स्वतःच्या छातीला हात लावला, मग दाव्याला. आणि गाठ मारली. उंबऱ्यात गोदा उभी होती, त्याच जागी, लेकरू कडेवर घेऊन. ती माझ्या हाताकडे बघत राहिली.

माणिकनं दावं माझ्याकडून घेतलं. गाठीवर अंगठा फिरवला आणि त्याच्या चेहऱ्यावर तुमचं ते हसू आलं, बाजारात नवख्या गिऱ्हाइकाकडे बघून यायचं ते. मी सुरगाठ मारली होती. जरा ओढलं तर सुटणारी. बीएस्सीला गाठही नीट मारता येत नाही. त्यानं ती सोडवली, पुन्हा मारली, दातात धरून ताणली. निरगाठ. मग तेच दावं वासराच्या गळ्यात घालून त्यानं ते खुंट्याला बांधलं.

वासरानं दोन हिसके दिले. दावं टिकलं.

तुमचा भाचा